इंगळी आत्याचा डोंगर

माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही. लोक आपापल्या आत्यांबद्दल सांगतात, मायाळू होती, हाताला चव होती. आमच्या आत्याच्या हाताला चव नव्हती आणि माया ती जपून वापरायची. तिच्यापाशी होता तो सूड. ताजा, गरम, घरी केलेला. गावात सगळे तिला इंगळी म्हणत, तिच्या देखत म्हणत. विंचवातल्या मोठ्या जातीचं नाव आपल्याला मिळालं, याचा तिला कोण आनंद!

'देखत' म्हणालो खरा, पण आत्या जन्मापासून आंधळी होती. तरी 'मी पाह्यलं', 'दाखव बरं' हे शब्द तिच्या तोंडी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असत. वस्तू हातात आली, नाकाशी आली, कानाला लागली, की ती तिने पाहिली. एकदा एक पाहुणे फार कनवाळूपणे म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही पाहता कशा?" आत्या म्हणाली, "तुम्ही आर्णीवरून आले ना? पायी आले का?" पाहुणे म्हणाले, नाही, एसटीनं. "बसून आले, तरी चालून आल्यासारखे 'आलो' म्हणता. तुमचं येणं खरं, आन् माह्यं पाहणं खोटं? द्या तो चिवडा इकडं, पाहू द्या मले." पाहुण्यांची बशी तिने पाहून पाहून रिकामी केली.

आमच्या नात्यातल्या एका काकूंना सवय होती. आत्या समोर बसलेली असली तरी तिला न विचारता माझ्या आईला विचारायच्या, "हिले पोहे देऊ का? ही तिखट खाते का?" जणू आत्या म्हणजे खुंटीला टांगलेली पिशवी. आत्याने भांडण केलं नाही. पुढच्या वेळी काकू आल्या, तेव्हा आत्या त्यांच्याकडे तोंड करून माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, हिले चहा पाह्यजे का, विचार बरं. साखर टाकू का हिच्या चहात? ही बशीनं पिते का कपानं?" आणि मग दर वेळी हेच. काकू म्हाताऱ्या झाल्या, त्यांचे दात गेले, तरी आत्या विचारतच राहिली, "वहिनी, हिले शेव चावते का, विचार तिले."

रंगांचं तिचं प्रकरण तर मी नाटकासारखं करून दाखवतो. रंग तिने कधी पाहिले नव्हते. लोक रंगांशी कसे वागतात, ते मात्र तिला पाठ होतं. "डाळिंबी म्हणजे काय, सांगू? वहिनीच्या डोहाळजेवणात सगळ्या बाया ज्या साडीले हात लावाले आल्या, थे डाळिंबी. चांगल्या रंगावर बाया लगेच बोलतात. वाईट रंग असला, की आधी चूप होतात आन् मग बोलतात." आर्णीच्या एका दुकानदाराने तिला डाळिंबी म्हणून भलतीच मातकट साडी बांधून दिली. हिला काय कळतंय! घरी आल्यावर बाया आधी चूप झाल्या आणि मग बोलल्या. आत्या समजली. पुढच्या आठवडी बाजाराला तीच साडी नेसून ती त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला गोड आवाजात विचारू लागली, "बाई, ही डाळिंबी आहे का वं? इथूनच घेतली मी." दुपारपर्यंत दुकानदार हात जोडून बाहेर आला. त्याने खरीखुरी डाळिंबी साडी आणली. आत्याने ती घेतली, आणि आणखी थोडा वेळ बसली.

पण हे सगळे किरकोळ सूड. तिचा खरा सूड एकाच माणसासाठी राखलेला होता. तो म्हणजे नानाजी, तिचा चुलतभाऊ. गावाला नानाजी, आत्याला नान्या.

लहानपणी आत्या फार विचारायची. सावली म्हणजे काय? तिच्या समजुतीत सावली ही एक जागा होती, गार जागा, झाडाखाली असते तशी. मग 'तुझी सावली तुझ्यासोबत असते' असं कुणी म्हटलं की ती चक्रावायची. मी उन्हात भाजून राह्यली, मग माझी सावली मले गार काहून नाही करत? तिच्या आईने तिला चैत्रातल्या उन्हात आपल्या पाठीमागे उभं केलं. तोंडावरचं ऊन सरकन गेलं. "ही माह्यी सावली," आई म्हणाली. आत्याला उमगलं, की आपली सावली दुसऱ्याच्या कामी येते. ही गोष्ट ती नेहमी सांगायची आणि लगेच पुढे जोडायची, "म्हणून मी नान्याच्या सावलीत कधी उभी नाही राह्यली. ऊन खाल्लं, पण नाही राह्यली."

कारण असं, की एक दिवस तिने विचारलं, डोंगर काय असते? आई घरात नव्हती. नाना होता, तिच्याहून थोडा मोठा. तो म्हणाला, "चाल, दाखवतो." आणि हाताला धरून तिला गोठ्यामागच्या उकंड्यावर घेऊन गेला. शेण, कडबा, राख, घरादाराचा केरकचरा, वर्षभर सडून गरम झालेला ढीग. आत्या हातापायांवर चढली. पाय रुतत होते, खालून वाफ येत होती. वर गेल्यावर नाना म्हणाला, "हा डोंगर. सातपुडा असाच असते, फक्त लांब."

आत्याने विश्वास ठेवला. का ठेवू नये? शब्द मागितला होता, वस्तू हातात मिळाली होती. पुढची दोन-तीन वर्षं तिच्यासाठी डोंगर म्हणजे मऊ, गरम आणि घाण वासाचा. शंका यायला कारणच नव्हतं. तिला माहीत असलेले देव डोंगरावर राहत नव्हते. कळंबच्या चिंतामणीला तर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं.

मग गावात सप्ताह बसला. बुवा रंगात येऊन सांगत होते, महादेव उंच डोंगरावर ध्यान लावून बसले आहेत, वर्षानुवर्षं डोळे मिटून. मांडव शांत होता. त्या शांततेत आत्याचा लहानसा, काळजीचा आवाज आला, "बुवा, महादेवाले वास नाही येत का?"

आधी कुणाला कळेना. मग नाना फुटला. हसत हसत त्याने सगळा किस्सा मांडवाला सांगितला. बाया हसल्या, बाप्ये हसले, बुवांनी हसून हसून टाळ खाली ठेवले. त्या दिवसापासून आत्या रस्त्याने निघाली, की कुणीतरी ओरडायचं, "काय वं, वास येते का?" पोरं मोठी झाली, त्यांची पोरं झाली, तरी ओरडणं चालूच.

आत्या रडली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, मले खरा डोंगर पाहाचा आहे." गावाच्या उगवतीला एक डोंगर आहे. वडील तिला घेऊन गेले. दगड, काटे, सुटणारी माती. कुठे पायाने, कुठे हाताने ती चढली. वर पोचल्यावर दम घेत उभी राहिली आणि एकदम वडिलांचा हात घट्ट धरला. गाव तिच्या पायाखालून ऐकू येत होतं. कोंबडा खाली, कुत्रं खाली, विहिरीवरच्या बादलीचा आवाज खाली. आयुष्यात पहिल्यांदा आवाज बाजूने येत नव्हता, खालून येत होता. "डोंगर म्हणजे," ती मला पुढे अनेकदा सांगायची, "गाव पायाखाली ऐकू येणं. आन् तिथं, देवाची आण, काडीचा वास नाही."

खाली उतरली ती इंगळी होऊन.

नानाचं लग्न झालं, तेव्हा वरातीत अत्तर लावून तो घोड्यावर बसला होता. आत्या घोड्याजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जवळपास डोंगर आहे का वं?" पुढे तो गावचा मोठा माणूस झाला. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी त्याची. तरी आत्या असलेल्या घरात नानाजी पाऊल टाकायच्या आधी बाहेरूनच खोकून अंदाज घ्यायचा. मी म्हणायचो, "आत्या, आता पुरे की." ती म्हणायची, "ही नुसती फोडणी आहे बाप्पा. भाजी अजून चुलीवरच आहे."

आणि मग नानाजीला नात झाली, आरू. जन्मापासून आंधळी.

अख्खं गाव कान देऊन बसलं, इंगळी आता काय म्हणते. शेजारची एक बाई आनंदाने सांगायला आली, "पाह्यलं का आत्याबाई, देवानं तुमचा सूड घेतला!" आत्याने हातातलं सूप खाली ठेवलं. "माह्या सूड घेणारा देव कोण? मी मेली का? आन् घेतला तं लेकराच्या अंगावरून? निघ वं इथून, आधी निघ!" त्या बाईवरचा सूड अर्थातच वेगळा, तो पुढे दोन संक्रांती चालला. आत्या मात्र दुसऱ्या दिवसापासून आरूकडे जायला लागली. नानाजी शेतावर गेला, की त्याच्या सुनेने मागचं दार उघडून ठेवायचं आणि आत्याने आत जायचं.

ती आरूला शब्द दाखवायची. नुसते सांगायची नाही, दाखवायची. हिवाळ्यात धुकं उतरलं, की पहाटेच पोरीला बांधावर न्यायची. गाल ओले होईपर्यंत उभी करायची आणि म्हणायची, "हा ढग. वर असते तो असाच, फक्त हाती नाही लागत." एक दिवस आरूने विचारलं, कडुनिंब किती मोठा असते? खोडाला मिठी मारून ते कळत नव्हतं. आत्याने मला हाक मारली. "चढ." मी म्हटलं, "आत्या, माझं वय पाहा, पोट पाहा." "पोट पाह्यलं मी, म्हणूनच दोर जाड आणाले सांगितला." चढलो. शेंड्याजवळच्या फांदीला दोराचं एक टोक धरून दुसरं खाली सोडलं. मग तो दोर अंगणात सरळ पसरून आत्याने आरूचं बोट धरलं आणि दोघी त्याच्यावरून चालत गेल्या. मध्येच आरू थांबली. "आत्याआजी, अजून झाड संपलं नाही?" "नाही." "बापरे!" ती म्हणाली. त्या 'बापरे'मध्ये पूर्ण कडुनिंब होता, पानांसकट.

यवतमाळला आंधळ्या मुलांची शाळा आहे, राहण्याची सोय असलेली. तिथून निरोप आला, की पोळा झाला की मुलीला घेऊन या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. सून तयार होती. मुलगा बापापुढे तोंड उघडत नव्हता. आणि नानाजी म्हणाला, "आंधळ्या पोरीले शाळा कायले? शब्द बोलते, पण तिले समजते का? पोपट बोलते तशी बोलते. घरी राहीन, दोन घास खाईन."

हे आत्याच्या कानावर आलं. ती मला म्हणाली, "तुह्या भोंगा पोळ्यात असते ना?"

असतो. लाऊडस्पीकर भाड्याने देणं हाच माझा धंदा. पोळ्याच्या दिवशी मारुतीसमोर बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. आपल्याकडे झडती म्हणजे यमक जुळवून मारलेला जाहीर टोमणा. सरपंच असो की सासरा, कुणालाही मारावा, आणि ज्याला लागला त्याने झडतीनेच उत्तर द्यावं. बाया झडती म्हणत नाहीत, अशी आमच्या गावची रीत. म्हणून त्या वर्षी पुरुषांच्या दोन-चार झडत्या झाल्यावर माईकची वायर जरा लांब झाली आणि पारावर बायांमध्ये बसलेल्या आत्यापर्यंत पोचली. वायरीला कोण थांबवणार!

भोंग्यातून आत्याचा आवाज गावभर गेला:

"उकंड्याले डोंगर म्हणे शहाणा मोठा भाऊ,
आंधळ्या बहिणीले म्हणे, चाल वर जाऊ.
बहीण आली खाली, भाऊ राह्यला वर,
अजून उतरला नाही, म्हणे हेच माह्यं घर.
नातीले म्हणते पोपट, शाळेत कायले धाडू?
पोपटानं झडती म्हटली, आता तोंड कुठं काढू?"

"हर बोला, हर हर महादेव!" गाव असं ओरडलं की बैल बिथरले. नानाजी पहिल्या जोडीची वेसण धरून तोरणाखाली उभा. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं. मी तत्परतेने दुसरा माईक त्याच्यापुढे धरला. भोंग्यातून नुसतं "अं... अं..." गेलं. बायांमधून कुणीतरी हाळी दिली, "नानाजी, वास येते का?"

मी तर खुशीने नाचायचा बाकी होतो. पण नानाजी घरी गेला आणि त्याने सुनेला सांगितलं, "आता तं पोरगी शाळेत जाणारच नाही. कोणी नाव काढाचं नाही." संध्याकाळी सून रडत आत्याकडे आली. मी म्हटलं, "आत्या, सूड तर झाला, पण पोरीचं काय?" आत्या पहिल्यांदाच मला थकलेली दिसली. "लाज वाटली त्याले," ती म्हणाली, "पण लाजेनं माणूस दार लावून घेते, उघडत नाही. उद्या तान्हा पोळा आहे. लाकडाचा बैल काढ."

तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल सजवून दारोदार जातात आणि बोजारा मागतात. कुणी नाणं देतं, कुणी खाऊ. त्या दिवशी दाराशी बैल घेऊन आलेल्याला रिकाम्या हाताने परत धाडत नाहीत. शत्रूच्या पोरालाही नाही. सकाळी नानाजी वाटीत सुटे पैसे घेऊन ओट्यावर बसला होता. रांगेत सगळ्यांत पुढे चाकांचा बैल ओढत आली आरू, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून आत्या. मागे गल्लीभर पोरं.

"आजोबा, बोजारा."

नानाजीने नाणं पुढे केलं. आरूने मूठ उघडली नाही. "पैसा नको."

"मग काय पाह्यजे?"

"शाळा."

"हे तूच शिकवलं तिले!" नानाजी आत्यावर कडाडला.

"शब्द मी शिकवला," आत्या म्हणाली. "मागून राह्यली ती तिच्या मनानं."

मागची पोरं ओरडायला लागली, "आजोबा, लवकर द्या ना, आमाले पुढं जाचं आहे!" नानाजी खाली वाकला. आवाज जरा खवचट करून त्याने नातीला विचारलं, "शाळा म्हणजे काय, समजते का तुले?"

हे काही त्या दोघींनी ठरवलेलं नव्हतं. आरूने थोडा विचार केला.

"जिथं आजोबा नसते, थे शाळा," ती म्हणाली.

गल्ली हसली. ओट्यावरची सून पदरात हसली. आणि नानाजी, ज्याने एका लहान मुलीच्या प्रश्नावर मांडवभर हशा पिकवला होता, तो हशाच्या मधोमध वाटी धरून बसून राहिला. शेवटी पुटपुटला, "नेऊन घाला," आणि आत निघून गेला. वाटी ओट्यावरच राहिली. पोरांनी ती आपसांत वाटून घेतली.

आरू शाळेत गेली. ठिपक्यांची लिपी शिकली. सुटीत आली की आत्याला वाचून दाखवायची आणि आत्या मध्येच म्हणायची, "थांब, हा शब्द मले दाखव," आणि त्या ठिपक्यांवर आपलं राठ बोट ठेवायची.

परवाच्या कोरड्या आषाढात आत्या खाटेला लागली. नानाजी भेटायला आला. बाहेर खोकला नाही, सरळ आत आला. खाटेशी बसून म्हणाला, "बाई, झालं गेलं सोडून दे आता."

"कायले सोडू?" आत्या म्हणाली. आवाज बारीक झाला होता, नांगी तशीच. "माफ नाही केलं तुले. करणारही नाही. पण आला, बरं केलं. जरा इकडं सरक, खिडकीचं ऊन येऊन राह्यलं तोंडावर."

नानाजी सरकला. त्याची सावली आत्याच्या तोंडावर पडली. ती तशीच पडून राहिली. मी एवढंच म्हणेन, की ऊन फार होतं.

चार दिवसांनी ती गेली. तेरवी झाली, श्रावण सरत आला, पोळा आला. आरू सुटीत घरी आली होती. तान्ह्या पोळ्याला ती लाकडी बैल घेऊन आपल्याच आजोबांच्या ओट्यापुढे उभी राहिली. एवढी मोठी मुलगी बैल घेऊन आली, म्हणून पोरं हसत होती. नानाजीने नाणं काढलं. आरूची मूठ बंद.

"आता काय पाह्यजे बाई?"

"डोंगर," आरू म्हणाली. "डोळे बांधून."

बोजारा नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजीच्या डोळ्यांवर आरूने आत्याच्या डाळिंबी साडीची पट्टी बांधली आणि त्याचा हात धरून उगवतीचा डोंगर चढायला घेतला. मागे पाण्याची बाटली घेऊन मी. हे सुख मी सोडतो थोडंच! म्हातारा ठेचकाळला, काट्यांना शिव्या दिल्या, दोनदा खाली बसला. आरू नुसती म्हणायची, "चला."

वर पोचल्यावर तिने त्याला दगडावर बसवलं. वारा होता. नानाजी धापा टाकत होता; मग धाप ओसरली आणि तो एकदम स्तब्ध झाला. खाली कुणाचातरी ट्रॅक्टर सुरू झाला. कोंबडा आरवला. माझ्या पोऱ्याने मारुतीसमोरून भोंगे काढता काढता "हॅलो, हॅलो" केलं, तेही खालून आलं. नानाजीने पट्टीखालचा चेहरा हळूहळू जमिनीकडे वळवला आणि दोन्ही हातांनी दगड घट्ट धरला.

"गाव खाली गेलं," तो कुजबुजला.

आरू त्याच्याजवळ सरकली, अगदी कानाशी वाकली. आणि आवाजात काळजी आणून, बरोब्बर तशीच लहानशी काळजी आणून, तिने विचारलं,

"आजोबा, वास येते का?"